नाही म्हणणारा माणूस

"हिचं नाव काढा," सातपुते म्हणाले. "तिथे गावंडे घाला."

'ही' म्हणजे त्यांच्या पत्नी कुमुदताई. शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी टायपिंग थांबवलं.

मी वकील. ऑफिस वारज्यात, अशील बहुतेक सत्तरीपुढचे. मृत्युपत्र सगळ्यांना माहीत असतं. आपण गेल्यावर फ्लॅट कोणाचा, वगैरे. सातपुत्यांना लिव्हिंग विल करायचं होतं. म्हणजे आपण जिवंत आहोत, पण शुद्धीत नाही आणि बरं होण्याची आशाही नाही, अशा वेळी व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आधीच लिहून ठेवायचं. त्यात विश्वासातल्या माणसांची नावं घालतात. वेळ आली की डॉक्टर त्यांची संमती घेतात. बाकी दोन साक्षीदार आणि नोटरी. कागद सोपा असतो, गाडी अडते ती हटकून नावांपाशी.

"गावंडे कोण? मित्र?"

"छे! सोसायटीचे सेक्रेटरी. आम्ही बोलत नाही."

"तोंडसुद्धा बघत नाहीत एकमेकांचं," कुमुदताईंनी माहिती पुरवली.

"पार्किंग मागितलं, नाही म्हणाले. बाल्कनीला ग्रिल मागितलं, नाही. ही जाऊन डोळ्यांत पाणी आणून आली, तरी नाही. मला असाच माणूस हवाय, मॅडम. माझ्या भावाला नळ्या लावून ठेवलं होतं. घरचे सगळे रडत होते, पण आता पुरे म्हणायला एकजण पुढे येईना. हिच्याने ते होणार नाही. मांजर आजारी पडलं तरी ही जेवत नाही. मुलगी हिच्या वरताण."

युक्तिवादात खोट काढता येईना, याचा मला वकील म्हणून फार राग आला.

"निदान गावंडेंना विचारा तरी."

"तुम्ही विचारा. आम्ही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिघांनाही बोलावलं. गावंडे शेवटी आले, काखेत सोसायटीची फाइल घेऊन. मूळचे अकोल्याचे. "पार्किंगचं असेल तर आधीच सांगतो, जमणार नाही," त्यांनी दारातूनच सांगितलं. मी मसुदा पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"म्हणजे हे आयसीयूत पडून राहतील, अन् मशीन नको म्हणून मी सांगायचं?"

"यांना सांगा, मॅडम," सातपुते माझ्याकडे बघत म्हणाले, "नाही म्हणायची सवय आहे त्यांना."

"यांना सांगा, पार्किंग वेगळं अन् हे वेगळं. मीटिंगमधी हरकत घ्यायले उठणारा हा एकच माणूस आहे. बाकीचे सामोसा खाऊन घरी जातात. मी तर डॉक्टरले म्हणीन, चालू ठेवा! माह्याच्यानं नाही होत हे."

"म्हणजे इथेही नाहीच," सातपुते म्हणाले. पण चेहरा पडला होता. हा माणूस खरोखर घाबरलेला आहे, हे मला तेव्हा कुठे कळलं. "मग माझं कोण बघणार?"

"मी," कुमुदताई म्हणाल्या. "आत्ताच सांगते, मी रडणार. भरपूर रडणार. पण रडत रडत सही करता येत नाही, असं कुठल्या कायद्यात आहे का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

"अहो, भाऊजींचे हात कॉटला बांधून ठेवले होते. मला बघवत नव्हतं. पुरे म्हणाले असते मी. पण मला कोणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही."

सातपुत्यांनी खिशातला रुमाल काढून बायकोला दिला आणि मला म्हणाले, "नाव परत घाला." मी नाव परत टाइप केलं. बिलात ते लावलं नाही.

गावंडे साक्षीदार म्हणून थांबले. सही करण्याआधी त्यांनी पानन् पान वाचलं आणि टायपिंगच्या तीन चुका दाखवल्या.

हल्ली नावांपाशी आले की मी अशिलाला आधी एकच प्रश्न विचारते, 'या माणसाला तुम्ही विचारलंय का?' बहुतेकांनी विचारलेलं नसतं. बायकोला तर नाहीच नाही.