अबुधाबीत न निघालेला विषय

जायचं ठरलं ते मिलिंद साहेबांच्या फोनवर. "नवीन मशीन आलंय, बघायला या. घरीच उतरा. कामाचंही बोलू."

साहेब अबुधाबीत पंप दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहेत, मूळचे पुण्याचे. माझा नवरा प्रसाद कोल्हापुरात पॅटर्न बनवतो. ओतकामात आधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, तोच पॅटर्न. त्याभोवती वाळू दाबायची, नमुना काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. जुन्या पंपांचे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून साहेब ते आमच्या पॅटर्नवरून कोल्हापुरात ओतून घेत. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. वर्षभर ते कमी होत चाललं होतं.

"पुण्याचा माणूस घरी उतरा म्हणतोय," प्रसाद म्हणाला. "म्हणजे काम मोठं असणार."

जाणार असाल तर जानेवारीत जा. व्हिसा एजंटाने करून दिला. कोल्हापूरहून मुंबई स्लीपर बसने, पुढे विमान तीन तासांचं. स्वेटर घ्या. बाहेरच्या हवेसाठी नव्हे, आतल्या एसीसाठी. आम्ही भडंग आणि कांदा-लसूण चटणी नेली.

साहेब स्वतः घ्यायला आले. रस्ते रुंद आणि सरळ. कडेला हिरवळ, तिच्यात पाण्याच्या काळ्या नळ्या, आणि हिरवळ संपते तिथून वाळू. घरी त्यांच्या पत्नीने, रुपालीताईंनी, भरली वांगी केली होती.

"ईरा, नमस्कार कर," त्या मुलीला म्हणाल्या.

"I did, Mamma. You were in the kitchen."

जेवताना साहेब विमानाबद्दल बोलले, कोल्हापूरच्या विमानतळाबद्दल बोलले. कामाबद्दल नाही. खोलीत आल्यावर मी प्रसादला म्हटलं, "विचारायचं का?"

"आत्ताच त्यांच्याकडे जेवलोय. हात धुतले की धंदा काढायचा? त्यांना बोलू दे की."

मंगळवारी शेख झायेद मशीद पाहिली. प्रवेश फुकट आहे, पण नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. बायकांनी डोकं झाकायचं, कपडे घोट्यापर्यंत. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांच्या वेली बसवल्या आहेत. लोक फोटो काढत होते. प्रसाद वाकून एका पाकळीवर अंगठा फिरवत होता. "जोड लागत नाही हाताला," तो म्हणाला. पहारेकऱ्याने त्याला पुढे जायला सांगितलं.

बुधवारी साहेबांनी आम्हाला मुसफ्फाला नेलं. शहराबाहेरची ही कारखान्यांची वसाहत पर्यटकांच्या यादीत नसते. मशीन एका खोलीएवढं होतं. आत वाळूचा पातळ थर पसरतो, वरून एक पट्टी फिरते आणि जिथे हवा तिथेच गोंद सोडते. मग पुढचा थर. शेवटी सुटी वाळू ब्रशने झाडली की आतून साचा निघतो, धातू ओतायला तयार. लाकूड नाही. पॅटर्न नाही.

"पुढे गोदामसुद्धा लागणार नाही, प्रसादराव," साहेब म्हणाले. "आता पन्नास प्रकारचे भाग आम्ही धूळ खात ठेवतो, कधी लागतील म्हणून. उद्या कॉम्प्युटरवर नुसत्या फाइली ठेवायच्या. पंप बंद पडला की जो देश जवळ, तिथे साचा छापायचा, तिथेच ओतायचा. बोटीची वाट बघणं खलास."

प्रसादने साच्याच्या आत हात घातला. बराच वेळ घातलेला ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत होतो.

"छान आहे," तो म्हणाला.

साहेब थोडे थांबले. मग म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

जवळच केरळी हॉटेल होतं. मासे-भात पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या वर, आणि भात मागाल तेवढा. साहेब ईराच्या परीक्षेबद्दल बोलत राहिले.

गुरुवारी आम्ही दोघंच दुबईला गेलो. अबुधाबीहून बस आहे, स्वस्त आणि स्वच्छ, दोनेक तास लागतात. पुढे मेट्रो. खाडी ओलांडायला लाकडी होडी, अब्रा, दिरहमभर. माझ्या मते दुबईत इतकं चांगलं दुसरं काही एवढ्या पैशांत मिळत नाही. पाण्याला डिझेलचा वास होता. पलीकडे काचेचे मनोरे ऊन परतवत होते.

"आपलं काम संपलं म्हणून सांगायला बोलावलंय त्यांनी," प्रसाद होडीत म्हणाला. "तोंडावर सांगवत नाहीय. सज्जन माणूस आहे."

"मग तूच विचार ना."

"काय विचारू? आम्हाला काढताय का, म्हणून?"

शुक्रवारी सकाळी रुपालीताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. न बघता त्यांनी विचारलं, "ह्यांचं आणि भाऊजींचं काही बोलणं झालं का हो?"

"होईल निवांत," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. काहीतरी म्हणणार होत्या. मी कप उचलून बाहेर आले. घरच्या पाहुणीने यजमानीणबाईंकडून धंद्याची बातमी काढू नये, असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी साहेबांनी विमानतळावर सोडलं. पार्किंगमध्ये बॅगा काढून झाल्यावर ते म्हणाले, "एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. तसं एक मशीन आम्ही भारतात टाकतोय. जुने पंप आतून माहीत असलेला माणूस हवा होता. फाइली त्याने करायच्या, छपाई आणि ओतकाम तिथेच. मशीन कंपनीचं, जागा त्याची. माझ्या डोक्यात तुम्हीच होतात."

प्रसादने हातातली बॅग खाली ठेवली.

"मुसफ्फात तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. म्हटलं, यांना रस नाही. काल दुपारी ऑफिसला नाव द्यायचं होतं. राजकोटची एक पार्टी सारखी मागे होती, त्यांना हो म्हटलं."

"तुम्ही बोलायचं होतं, साहेब," मी म्हटलं.

"अहो, तुम्ही पाहुणे. घरी बोलावलं, वांगी खायला घातली आणि मशीन गळ्यात मारलं, असं व्हायला नको होतं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. साहेबांनी प्रसादचा हात दोन्ही हातांत धरला. "पुन्हा या. इन्शाल्ला, काहीतरी निघेल."

विमानात प्रसादने खिडकीचा पडदा लावून घेतला.

घरी येऊन महिना झाला. शेतीपंपवाल्यांची छोटी कामं येतात, त्यांना अजून लाकडाचाच पॅटर्न लागतो. किती दिवस लागेल, माहीत नाही. लोक विचारतात, अबुधाबी कसं आहे. मी मशिदीचं सांगते, होडीचं सांगते. हे वाचून कुणी कामासाठी जाणार असेल, तर त्याला एवढंच सांगेन: पहिल्या संध्याकाळी, पानं वाढायच्या आधी, विचारून घ्या.

गेल्या रविवारी प्रसादने साहेबांना फोन लावला. थर किती जाडीचा असतो, त्याने विचारलं. कुठली वाळू चालते. गोंद जळाल्यावर वायू कुठून बाहेर पडतो. तुटक्या भागावरून फाइल करायची तर झिजलेली कड कशी धरायची. साहेब सांगत होते, मधेच प्रसाद त्यांना अडवत होता, दोघं मोठ्याने हसत होते. तास उलटून गेला. आता त्यातून काही मिळायचं नव्हतं, त्यामुळे विचारायला संकोच नव्हता.

फोन ठेवून तो आत आला. डोळे चमकत होते.

"सोपं आहे गं," तो म्हणाला. "जमलं असतं मला."