गणूभाऊंच्या सोळा चिपा

घरात दुखणं शिरलं की त्रास घरच्यांच्या वाट्याला येतो आणि किस्से शेजाऱ्यांच्या. आमची आळी बंदराजवळची. इकडच्या ओटीवर खोकलं तर तिकडच्या ओटीवरून पाणी येतं. शिवाय मी पडले चौकस. आळीतले लोक मला भोचक म्हणतात, पण नवी बातमी हवी झाली की माझ्याकडेच येतात! तर गणूभाऊंच्या तोंडाचे हे किस्से असे साठत गेले. आता आठवताना हसू येतं. तेव्हा मात्र सगळेच थकलो होतो.

गणूभाऊ सुतार, होड्या नि गलबतं दुरुस्त करणारे. जन्मभर तंबाखूचा बार डाव्या गालात. तिथंच जखम झाली, ती काही भरेना. मुंबईच्या डॉक्टरनं कर्करोग सांगितला. गाल कापला, वर रेडियमच्या सुया टोचून ठेवल्या. जीव वाचला, पण जबडा मिटला तो मिटलाच. दातांमधून माझी करंगळीसुद्धा आत जाईना.

डॉक्टरनं लाकडाच्या पातळ चिपा दिल्या. दिवसातून चार वेळा एकावर एक रचून दातांत धरायच्या, सवय झाली की आणखी एक सरकवायची. तेव्हा आठ जात होत्या. डॉक्टर म्हणाला, "सोळा गेल्या तर माझं बोट आत जाईल. गाल आतून चाचपल्याशिवाय रोग परत आला की नाही, मला सांगता येणार नाही. पावसाळा संपला की पहिल्या बोटीनं या."

ज्येष्ठात आगबोटी बंद होतात, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होतात. तेवढ्या दिवसांत आठाच्या सोळा करायच्या होत्या!

* * *

मुंबईहून आल्यावर गणूभाऊ दात मिटूनच बोलायचे. साधं "बसा" म्हटलं तरी समोरचा दचकायचा.

शेजारचे तात्या, रिटायर झालेले पोस्टमास्तर, भेटायला आले. दोन वाक्यं ऐकून बिचारे उठलेच. बाहेर येऊन भामावहिनीला हळूच विचारतात, "काय गो, गणू रागावलाय काय माझ्यावर?"

भामावहिनी म्हणजे गणूभाऊंची बायको. परड्यात धुणं पिळत होती. म्हणाली, "रागावलेत, पण ते आधीपासून. ह्या दुखण्याचा त्यात काही संबंध नाही!"

* * *

खाण्याचे हाल तर विचारू नका. पेज, नाहीतर पाट्यावर वाटलेलं काहीतरी. भात वाटायचा, भाजी वाटायची, माशाचे काटे काढून तोही वाटायचा. सकाळ-संध्याकाळ त्या घरातून वरवंट्याचा आवाज.

एकदा मी सहज स्वयंपाकघरात डोकावले. सहज म्हणजे झाकण उचलून बघितलं! चुलीवर एकच टोप, त्यात तोच वाटलेला गोळा.

"अगो, तुझं जेवण कुठाय?"

"हेच."

"तुला काय झालंय? तुझे दात शाबूत आहेत ना?"

भिंतीला टेकून बसली होती ती. डोळे न उघडता म्हणाली, "दात आहेत गो ताई. हात उरले नाहीत."

त्या दिवसापासून तिची भाकरी मी धाडू लागले. त्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही. पण परत येणारं ताट घासून लख्ख केलेलं असायचं.

* * *

चिपा दातांत धरल्या की पंधरा-वीस मिनिटं बोलायचं नाही. गणूभाऊ ओटीवर बसायचे, डोळ्यांतून पाणी, तोंडात लाकूड.

आळीला ते टाइमटेबल पाठ झालं. कारण गणूभाऊंसारखा ऐकणारा दुसरा मिळणार कुठं? तात्या येऊन सरकारच्या चुका सांगायचे. मी माझ्या सुनेचं सगळं सांगून टाकलं, जे बोलू नये तेसुद्धा. माणूस नुसता मान हलवतोय!

चार दिवस भामावहिनीनं बघितलं. पाचव्या दिवशी आम्हाला दारातच अडवलंन. "उद्यापासून सकाळची पाळी माझी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझं एक वाक्य पुरं ऐकलेलं नाहीये ह्यांनी!"

* * *

आषाढ लागला तरी चिपा दहावरच अडल्या होत्या. सल्ले मात्र रोज नवे. कोणी एरंडाच्या पानाचा शेक सांगितला, कोणी कोमट तेल. सगळं करून झालं. शेकाचा फायदा एवढाच, की दुखतंय ते थोडं उबदार दुखायचं.

तात्यांनी एकदा फारच डोकं चालवलं. म्हणाले, "गणू, अरे गलबताच्या एवढाल्या जाड फळ्या तू पाचर मारून फाकवतोस. मग स्वतःच्या जबड्याचं काय एवढं?"

गणूभाऊ दातांतूनच म्हणाले, "गलबताला दुखत नाही, तात्या."

* * *

मग एकाएकी चमत्कार झाला. पावसाच्या दमटपणानं डॉक्टरच्या चिपांना बुरशी धरली. म्हणून गणूभाऊंनी फणसाच्या लाकडाच्या नव्या केल्या आणि आकडा धावायला लागला! सोमवारी अकरा, बुधवारी बारा, रविवारी चौदा. तात्यांनी आळीभर साखर वाटली. भामावहिनीनं कितीतरी दिवसांनी केसांना तेल लावलं.

माझ्या मनात मात्र किडा वळवळला. चौदा चिपा जातात, मग जेवताना भरला चमचा अजून आत का जात नाही?

गणूभाऊ मागच्या बाजूला तोंड धुवायला गेले, तशी मी त्यांची एक चीप उचलून उजेडात धरली. पलीकडचं माडाचं झाड दिसलं! रंध्यानं तासून तासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी केलेली. डॉक्टरच्या बुरसटलेल्या चिपा डब्यात होत्याच. त्यांची चळत शेजारी लावली. गणूभाऊंच्या चौदा म्हणजे डॉक्टरच्या दहा!

भामावहिनी माझ्या मागे उभी होती, ते मला कळलंच नाही. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती खाली बसली. गणूभाऊ येऊन दारातच थांबले.

"हिला बरं वाटावं म्हणून केलं," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

"मला डॉक्टरच्या तोंडून ऐकून बरं वाटायचंय," भामावहिनी म्हणाली. "तो बघणार कसा आत?"

मग गणूभाऊ म्हणाले, "आणि बघितलान नि आत काही दिसलं तर?"

तेव्हा मला कळलं, तोंड का उघडत नव्हतं ते. दुखत होतं हे खरंच. पण तेवढंच नव्हतं.

भामावहिनीनं त्या सगळ्या पातळ चिपा गोळा करून चुलीत घातल्या. पाणी तापायला ठेवलंन आणि म्हणाली, "नव्या करा. डॉक्टरच्या जाडीच्या. आणि यापुढे मोजणार मी."

मी घरी आले. त्या दिवशी माझी जीभ आळीत कुठेच गेली नाही. तात्यांनी दोनदा विचारलं, तरी नाही!

* * *

मग खरोखरीचे दिवस सुरू झाले. अकरा व्हायला आठवडा लागला. बारा झाल्या, ताप आला, परत अकरा. तेरा. भामावहिनी समोर बसून बोटांवर मिनिटं मोजायची. मोजता मोजता तिचीच मान खाली पडायची आणि गणूभाऊ पायानं ढोसून तिला जागं करायचे, कारण मिनिटं पुरी झाल्याशिवाय चिपा काढायच्या नाहीत असा तिचाच कायदा!

पौर्णिमेला थोडे दिवस उरले तेव्हा चौदा होत्या. पुढे ढिम्म.

एका दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसून माझ्या नणंदेच्या दिराच्या वाटणीची हकीकत सांगत होते. जरा लांबलचक आहे, पण मुळापासून सांगितल्याशिवाय कळायची नाही. मी विहिरीच्या वाट्यापर्यंत आले होते, तेवढ्यात गणूभाऊंनी जांभई दिली.

नुसती नाही. "आई गं!" ओरडत दिली. गाल धरून बसले, पण तोंड उघडलं होतं. एवढं, की मला आतली पडजीभ दिसली!

मी ओशाळून गप्प झाले. म्हटलं, "कंटाळा आला असेल तर राहू दे..."

भामावहिनी आतून धावत आली. माझा दंड धरलान आणि म्हणाली, "ताई, तुला माझी शपथ, थांबू नको! पुढे काय झालं त्या विहिरीचं?"

दिवेलागणीपर्यंत मी विहीर, माडाची बाग आणि दोन कोर्टं सांगून संपवली. तिसऱ्या दिवशी पंधरावी चीप गेली. बोटीच्या आदल्या सकाळी सोळावी. आजवर माझ्या बोलण्याचा आळीला झालेला एवढाच उपयोग!

* * *

पहिल्या बोटीनं दोघं मुंबईला गेली. गुरुवारच्या बोटीनं परत येणार असं ठरलेलं.

गुरुवारी आम्ही बंदरावर जाऊन उभे. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबली, छोट्या होड्यांतून, पडावांतून, माणसं उतरली, पेट्या उतरल्या, कोंबड्यासुद्धा उतरल्या. ही दोघं नाहीत.

परत येताना तात्या एवढंच म्हणाले, "ठेवून घेतलं असेल." मला माहीत होतं, ठेवून घेतात ते कधी. घरी येऊन भाकऱ्या झाकून ठेवल्या. कोणी जेवलं नाही.

शुक्रवारी पुन्हा बंदरावर. पहिल्याच पडावात भामावहिनी दिसली. उतरून ती सरळ पुढे चालायला लागली. मागून गणूभाऊ, खांद्यावर बोचकं.

मी वाटेतच त्यांना गाठलं. "काय म्हणाला डॉक्टर?"

"बोट घालून सगळं चाचपलान. आत काही नाही म्हणाला. स्वच्छ आहे."

तात्या तिथंच एका पेटीवर बसले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याच्याबरोबर रागही आला. "मग काल कुठं होतात? बोट का चुकवलीत? इथं आम्ही अर्धे मेलो!"

गणूभाऊंनी पुढे चाललेल्या भामावहिनीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टरकडून बाहेर आलो, तर ही बाकावर बसल्या बसल्या झोपलेली."

"मग तिला सांगितलंत कधी?"

"उठली तेव्हा."

"आणि उठली कधी?"

"बोट सुटल्यावर."