पाण्याखालचा प्लॉट

आमच्या घरमालकांइतका कडक माणूस अख्ख्या चेन्नईत नसेल. बँकेच्या बदलीवर मी वेळचेरीत गेलो, तेव्हा वरचा मजला देताना त्यांनी ऐकवल्या तेवढ्या अटी मला नोकरी देतानाही कुणी ऐकवल्या नव्हत्या. भिंतीला खिळा नाही, पंपाला दहा मिनिटं, पाहुण्याला दोन दिवस. रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. "पाणी व्यर्थ न दवडावें, सेरी?" अशी, शेवटी तमिळ 'बरं का?' जोडलेली हाक खालून आली, की एखादी बखरच ओरडतेय असं वाटायचं.

हाच माणूस दर रविवारी सकाळी मला स्कूटरवर घालून पळ्ळिकरणैच्या दलदलीवर न्यायचा आणि तिथं पार विरघळायचा. दलदलीच्या कडेला त्यांचा एक प्लॉट होता. स्वस्ताईत घेतलेला, वर्षाचे आठ महिने पाण्याखाली. सिंगापूरच्या मुलाला तो भराव घालून विकायचा होता. त्यानं धाडलेल्या बिल्डरला मालकांनी अदबीनं बांधावर नेलं आणि कमळाच्या पानांमधला एक पक्षी दाखवला. मग त्याला तमिळमध्ये सांगितलं तेच माझ्याकडे वळून म्हणाले, "बाप बसला आहे अंड्यांवर. आई गेली दुसरा घरोबा करावयास. पिलें होवोत, मग बोलूं." बिल्डर महिन्यानं आला तेव्हा पिल्लं लहान होती. नंतर आला तेव्हा थंडीतली बदकं उतरली होती. चौथ्यांदा तो आलाच नाही.

मग मुलगाच आला, तावातावानं. "अप्पा, हे पक्षी काय आपले नातेवाईक आहेत?" मालकांनी त्यालाही नेलं. बापलेक तासभर बांधावर शेजारी शेजारी उभे होते, मी स्कूटरपाशी.  मुलगा विक्रीच्या कागदांवर सही न घेताच सिंगापूरला परत गेला.

पुढे दलदलीचा मोठा तुकडा सरकारनं राखीव केला. मालकांचा प्लॉट त्या हद्दीबाहेरच राहिला. तोवर माझी नागपूरला बदली झाली होती.

मालक गेल्याचं मुलानंच फोनवर कळवलं. प्लॉटचं विचारायला माझी जीभ रेटेना. तोच म्हणाला, "काल जाऊन आलो. पाणी आहे अजून." मग अडखळत्या मराठीत त्यानं विचारलं, "एक निळा-जांभळा पक्षी होता, लाल चोच, लांब पाय. अप्पा त्याला काय म्हणायचे?"

"जांभळी पाणकोंबडी," मी म्हणालो.

पलीकडे त्यानं ते नाव हळूच दोनदा म्हणून पाहिलं.