शिट्टी झाली, आई उठली नाही

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजता दगडखाणीची शिट्टी झाली आणि माझी आई घराबाहेर पडली नाही. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. ती ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. शिट्टीनंतरही सोलत राहिली.

आमचं घर वसईच्या पूर्वेला, वालीव आणि सातिवलीच्या मधल्या एका टेकडीच्या पायथ्याशी होतं. कौलारू, तीन खोल्यांचं. जागा आईला तिच्या वडिलांनी दिलेली. सातबाऱ्यावर नाव तिचंच. माझे वडील तेव्हा हयात नव्हते. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पाळी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी घरी असायचो.

खाण टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती. सुरुंग उडवण्याआधी तिथला माणूस लाल बावटा घेऊन टेकडी उतरायचा आणि शिट्टी फुंकायचा. मग आम्ही अर्धा तास रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन उभे राहायचो. आई चुलीवरचं भांडं झाकायची, शेळी सोडून बरोबर घ्यायची. आसपास माणूस असेपर्यंत वात पेटवायची नाही, असा नियम होता आणि बावटेवाला तो पाळायचा. हे इतकं रोजचं झालं होतं की त्यात काही वावगं आहे, असं कधी आमच्या मनात आलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. खाणमालकाने टेकडीची आमच्या बाजूची उतरणही मागितली होती. कुणाची हरकत असल्यास कळवावी, असं खाली लिहिलं होतं. नोटिशीला जोडलेल्या त्याच्या अर्जातलं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं : ‘सदर जागेलगत धोक्याच्या अंतरात वस्ती नाही.’

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मंग मी कोन? माकड?”

मी पेपरात बातमी देतो म्हणालो.

“तुझा पेपर दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जातो. मला कचेरीत कागद द्यायचा हाय.”

हरकत मी लिहिली, सही तिने केली. तहसील कचेरीत जाताना तिने पिशवीत एक दगडही घेतला. नारळाएवढा. पावसाळ्याच्या तोंडावर तो कौल फोडून चुलीशेजारी पडला होता. आम्ही तेव्हा चिंचेखाली होतो. कारकुनाने तो टेबलावरून खाली ठेवायला लावला.

“बाई, टेकडीखाली राहता तुम्ही. दगड घरंगळणारच.”

“घरंगळलेला दगड दारातून येतो, भाऊ. हा वरून आला.”

कारकून हसला, पण पोच दिली : अर्ज एक, दगड एक. सुनावणी महिन्याभराने ठेवली. तोवर खाणीचं काम नेहमीसारखं चालू राहणार होतं.

त्यानंतरचा तो मंगळवार. आई उठत नाही हे पाहून बावटेवाला अंगणात आला.

“मावशी, चला ना. वरती सगळे खोळंबलेत.”

“इथं वस्तीच नाय, तुझ्या शेठनी लिवलंय. मंग तू बोलतोस कोनाशी?”

“मस्करी नको, मावशी. माझी भाकर जाईल.”

“भाकर मी देते. बस, शेंगा सोल.”

तो बसला नाही. बावटा खांद्यावर टाकून टेकडी चढून गेला. त्या दिवशी आमच्या बाजूला ऐकू येईल असा एकही सुरुंग उडाला नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. तिन्ही दिवस मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो होतो. मला भीती वाटत होती, हे नोंदवायला हवं. तिला वाटत होती का, मी विचारलं नाही. शेळी मात्र ती रोज एकच्या आधी चिंचेला नेऊन बांधत होती.

शुक्रवारी खाणीचा मॅनेजर जीपमधून आला. चाळिशीचा, घामाघूम.

“आजी, तुम्ही कामात अडथळा आणताय.”

“तुझी आजी व्हायला मला अजून वीस वर्षं हायेत.”

“उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“तेच मी इचारते. तोंडी नको. लिहून दे.”

तो तावातावाने गेला आणि तासाभराने टाइप केलेलं पत्र घेऊन परत आला. वर खाणीचं नाव, खाली शिक्का. मजकूर चार ओळींचा होता. आपले घर सुरुंगाच्या धोक्याच्या अंतरात येते, सबब शिट्टी होताच ते रिकामे करावे. न केल्यास होणाऱ्या इजेस खाण जबाबदार राहणार नाही. पत्र मिळाल्याची सही त्याने स्वतःच्या प्रतीवर आईकडून घेतली. आईने तिच्या प्रतीवर त्याला सही करायला आणि तारीख घालायला लावली. मग ती उठली, हात धुतले आणि चिंचेखाली गेली. दोनच्या सुमारास सुरुंग उडाला.

हे तिने आधीपासून ठरवलं होतं का, मला खात्रीने सांगता येत नाही.

सुनावणीला खाणीतर्फे वकील होता. त्याने नकाशा पसरला आणि घर धोक्याच्या अंतराबाहेर असल्याचं सांगितलं. आईने पिशवीतून पत्र काढून नकाशावर ठेवलं. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मॅनेजरला विचारलं, “ही सही तुमची?”

“हो साहेब, पण ते आपलं काळजीपोटी...”

“केवळ खबरदारी म्हणून, साहेब,” वकील म्हणाला.

“साहेब,” आई म्हणाली, “खबरदारीचं ऱ्हाऊ द्या. तितं एकतर मी हाय, नायतर नाय. काय ते एकच लिवा.”

अधिकाऱ्याने पत्र फाइलीला लावून घेतलं. आईने त्याचीही पोच मागितली आणि ती मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

निकाल फाल्गुनात टपालाने आला. आमच्या बाजूच्या उतरणीसाठीचा अर्ज नामंजूर झाला होता. पलीकडची खाण चालू राहिली. माथ्याच्या अलीकडे सरकायला तिला मनाई होती आणि सुरुंगही आमचं घर धोक्याच्या अंतराबाहेर राहील इतक्या लांबच उडवायचे होते. दगड परत मागायला आई दोनदा कचेरीत गेली. तो सापडला नाही.

मी त्या घरात आणखी चार वर्षं राहिलो. त्या काळात एकची शिट्टी टेकडीपलीकडून ऐकू यायची. बावटेवाला आमच्या अंगणात आला नाही.