येलदरीच्या उपदेशकबाई

उपदेशकबाई प्रार्थनेतही रागावत. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि देवाशी बोलणं असं, की जणू त्यालाच जाब विचारतायत. सत्तरच्या दशकात माझा नवरा येलदरी धरणाच्या वीजघरात कामाला होता. वसाहतीतल्या एका खोलीत आम्हा मोजक्या ख्रिस्ती घरांची उपासना व्हायची. बाई मागे बायकांत बसत नसत, उपदेशकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शेजारी सतरंजीवर बसत. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "लगीन ह्यांच्यासंगं लागलंय. मागं कशाला बसू?"

दोघं भांडायची लय. शेळी घ्यायची की नाही, यावर अंगणात आठवडाभर वाद चालला. पण दोघांचं एकमत होईपर्यंत शेळी आली नाही. "एकानं ठरवायचं आन् दुसऱ्यानं सोसायचं, ह्याला संसार म्हणत न्हाईत," बाई म्हणत.

माझ्या मानवतच्या जावेला मूल नव्हतं. आमची धाकटी रूथ त्यांना द्यायची, असं ह्यांनी थोरल्या भावाला परस्पर कबूल केलं. मला कळलं ते दीर न्यायला यायच्या आदल्या दिवशी. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाले. आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी पोरीला कडेवर घेऊन बाईंकडे धावले. त्यांनी माझे डोळे पुसले नाहीत. तवा उतरवला आणि नवऱ्याला हाक मारली, "चला. दोघांनीबी जायचंय."

"लेकरू कुणाचं?" दारातूनच त्यांनी ह्यांना विचारलं.

"आमचं."

"आमचं? मंग हिला इचारलं का?"

"घरातलं माझं मी बघतो, बाई."

तेव्हा उपदेशक बोलले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुमचं लगीन मी लावलंय. एकट्याचं लावलं नव्हतं!"

शेवटी हे म्हणाले, "चला, दादाला सांगून येऊ." दुसऱ्या दिवशी, दीर निघायच्या आत, पहाटेच्या एसटीने आम्ही चौघं, रूथला घेऊन, मानवतला गेलो. दीर तावातावाने बोलत होते. त्यांना थांबवलं ते जावेनं. "मला तरी कुणी इचारलं? आईपासून तोडलेलं लेकरू मी मागितलंच नव्हतं."

रूथ माझ्याकडेच राहिली. पण दिरांचं चर्चच्या मंडळीत वजन होतं. त्यांनी वरपर्यंत तक्रार नेली. बायकोला आवरा, नाहीतर काम सोडा, असा उपदेशकांना निरोप आला. प्रीतीवर तास तास प्रवचनं झोडणारी माणसं ही! उपदेशकांनी कळवलं, "ती बोलली ते आमचं दोघांचं बोलणं होतं." आणि बिऱ्हाड आवरलं.

त्यांची ट्रंक ह्यांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवली. बाई मला म्हणाल्या, "रडू नगंस. लय कामं पडलीत." गाडी वालूरकडे गेली. पुन्हा भेट झाली नाही.

पुढच्या रविवारी दीर उपासनेला आले होते. नव्या उपदेशकानं तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले. म्हणाले, "इथून गेली त्या माणसांवर अन्याय झालाय. आमाला दोघांना बोलायचंय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आधी बोल."