आकडे उमटल्यावर

प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या कागदाचा गरम वास आला की आबिड्समधलं ते शेअर दलालाचं ऑफिस आठवतं. राज्याच्या विभाजनाचे दिवस होते. निम्मं ऑफिस दुसऱ्या राज्यात, विजयवाड्याला जाणार होतं, आणि घरातल्या पहिल्या पदवीधराला, म्हणजे मला, मिळालेली नोकरी टिकेल का, याची धास्ती होती. समोर तारनाक्याच्या एक विधवा मावशी बसल्या होत्या. यंदा लाभांश किती येईल ते पाहून त्या नवऱ्याचे शेअर ठेवणार किंवा विकणार होत्या. मी एक्सेलमध्ये फॉर्म्युला घातला आणि प्रत्येक कंपनीपुढे एररच आली. “सगळ्या डुबल्या काय रे? मग विकूनच टाक,” मावशी म्हणाल्या. मी घाबरून फॉर्म्युला पुन्हा तपासू लागलो. मागून साहेब म्हणाले, “डरतो कायकू? नावांच्या मागं जादा स्पेस पडलीय, म्हणून जुळत नाहीत, ती काढ.” काढताच आकडे भराभर उमटले. “मग नाही विकत,” म्हणत मावशी उठल्या, आणि मी जास्तच घाबरलो, कारण ते आकडे गेल्या वर्षीच्या लाभांशावरून धरलेले होते. “मावशी, हा नुसता अंदाज आहे,” मी म्हणालो. “कंप्युटरमध्ये आलं ना बाबा, बस,” म्हणून त्या निघूनही गेल्या. त्या वर्षी लाभांश आला. पण आजही लाभांशाच्या बातम्या आल्या की मी आधी मावशींच्याच कंपन्या शोधतो.