पास्कलकाकांच्या पेटीतल्या गोचिडी

मधमाश्या पाळणाऱ्याला "काय चाललंय?" असं विचारू नये. तासभर जातो. आम्ही तर तिघं होतो. तेव्हाचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की मी तोंड उघडलं की घरचे पंखा मोठा करतात. त्यातले हे एकाच आश्विनातले.

सत्तर सालाच्या आगेमागे बोरिवलीत वाड्या होत्या. गावठाणाच्या कडेला पास्कलकाकांची वाडी. वांगी, पडवळ, आणि नारळांखाली मधमाश्यांच्या चार पेट्या. दुसरे साळवे. जोगेश्वरीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एकदा काकांचं घड्याळ द्यायला आले आणि पेट्यांपाशी बसले ते दर रविवारी येतच राहिले. तिसरी मी, म्युनिसिपल शाळेत सायन्स शिकवायचे.

*

त्या वर्षी पाऊस लांबला. चारपैकी तीन पेट्यांतल्या माश्या उडून गेल्या. उरलेल्या पेटीतल्याही मलूल झालेल्या. काकांनी पोळ्याची चौकट उचलून दाखवली, तर एका माशीच्या पाठीवर तांबूस ठिपका.

"परागकण असेल," मी म्हटलं. सायन्सची टीचर, त्यामुळे कॉन्फिडन्स दांडगा.

साळव्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. मग म्हणाले, "बाई, तुमचा परागकण चालतोय."

गोचीड होती ती. माशीचा जीव केवढा आणि ही केवढी. आपल्या पाठीला जिवंत खेकडा चिकटावा तशी. तिघांनी आळीपाळीनं बघितलं. नंतर बराच वेळ मला उगाच पाठ खाजत होती.

*

औषध म्हणजे गंधक. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून चौकटींवर चिमूटभर भुरभुरायचं. चिमूटभर, हे मी वाचलं होतं. पण हातून इतकं पडलं की पेटी पिवळीधमक झाली.

काका म्हणाले, "टीचर, भजी करायचीत काय?"

अर्ध्या तासात सगळ्या माश्या बाहेर. वाडीवर एक ढग गरगरला आणि गावठाणातल्या दगडी क्रॉसवर जाऊन लटकला. शेवटची पेटी, आणि ती मी घालवली.

काकांनी रिकामी पेटी क्रॉसखाली ठेवली, बाही वर सरकवली आणि उघडा हात त्या घोसात घातला. कोपरापर्यंत. हात दिसेना, नुसत्या माश्या. डोळे मिटून ते हळूहळू चाचपत राहिले. मग मूठ बाहेर आली, त्यात राणी. तिला पेटीत सोडली मात्र, बाकीच्या हजारो जणी शिस्तीत तिच्या मागून आत चालत गेल्या. बघायला जमलेल्या बायका क्रूसाची खूण करत होत्या.

मी विचारलं, "काका, एकही चावली कशी नाही?"

"मी घाबरलोय हे त्यांना कळू दिलं नाही."

*

साळव्यांचा गंधकावरचा विश्वास उडाला. मग ते घड्याळाचा चिमटा घेऊन पेटीसमोर बसायला लागले. माशीवरची गोचीड अलगद उचलायची, माशी सोडून द्यायची. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग धरतात ना, तसा हात. एका सकाळी एक्केचाळीस गोचिडी काढल्या, एका माशीचा पाय मोडला नाही की पंख फाटला नाही.

मी म्हटलं, "साळवे, आत हजारो आहेत. हे संपणार कधी?"

"संपवायला कुठं बसलोय?"

*

तरी पेटी काही सुधारेना. दिवाळीनंतर मालाडहून दोन नव्या पेट्या येणार होत्या. गोचिडी त्यांच्यात जायला नकोत म्हणून या पेटीतल्या माश्या मारायचं ठरलं. आत गंधकाचा धूर सोडला की काम संपतं. काकांच्या वडिलांनी धरलेल्या माश्यांचा वंश होता तो. काका मडक्यात निखारे घेऊन आले. मी गंधकाची पुडी सोडली.

"थांबा, एकदा बघतो," साळवे म्हणाले. झाकण काढून भिंग लावलं. मग अगदी हळू आवाजात, "बाई, इकडे या."

गोचीड बसलेली एक माशी जागच्या जागी थरथरत होती. एक दुसरी तिच्याजवळ आली. मग तिसरी, चौथी. तशी ती थांबली, पंख पसरले आणि निमूट उभी राहिली. बाकीच्या तिच्या अंगावरून फिरल्या, पंखांच्या मुळाशी शोधलं. एकीनं गोचीड जबड्यात धरली, ओढून काढली, दारापर्यंत नेली आणि तशीच घेऊन उडाली. भातखाचरांवरून लांब, दिसेनाशी होईपर्यंत. तोवर आत दुसरी थरथरायला लागली होती.

साळव्यांनी भिंग काकांच्या डोळ्याला लावलं. काका वाकले ते वाकलेच. मडक्यातल्या निखाऱ्यांवर राख धरली. मी पुडी कधी मिटली, मला आठवत नाही.

घरातून काकूंनी हाक मारली, "झालं का काम?"

काका भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "हळू बोल गं. आत ऑपरेशन चाललंय."